मेंदूचा उंबरठा

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाताना कन्हान नदीच्या परिसरात मौदा हे तालुक्याचे गाव लागते. धान, किराणा आणि कापड यांच्या खरेदी-विक्रीसाठी पंचक्रोशीतील माणसे येथे येत आली आहेत. गेल्या काही वर्षांत मात्र गावाची ओळख विजेशी जोडली गेली. एनटीपीसीच्या येथील औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,३२० मेगावॉट आहे. ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन, असे चार संच तेथे आहेत. उंच चिमण्या आणि उच्च दाबाच्या तारा हा आता मौद्याच्या क्षितिजाचाच भाग झाला आहे. वीज किती उपयोगाची आणि किती धोक्याची, हे येथे लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

परंतु आणखी एक वीज आहे, जी प्रत्येक माणसाच्या कवटीत जन्मापासून अखेरपर्यंत अखंड वाहत असते आणि जिच्याविषयी घरात क्वचितच बोलले जाते. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाबाचा फरक असतो. त्या फरकाच्या चढउतारातून एक पेशी दुसरीला संदेश देते. बोलणे, चालणे, हिशेब करणे, देवाचे नाव घेणे, हे सारे त्याच संदेशांवर चालते. सगळा मेंदू मिळून जेमतेम २० वॉट ऊर्जा वापरतो, म्हणजे एका लहान दिव्याइतकी. ही वीज शिस्तीत चालते तोवर तिची आठवणही होत नाही. शिस्त मोडते तेव्हा मात्र सारे घर हादरते.

दृश्य अनेक कुटुंबांच्या परिचयाचे आहे. दुकानात गल्ल्यावर बसलेला मुलगा बोलता बोलता थांबतो. नजर एका जागी खिळते, तोंड एका बाजूला ओढले जाते, हात झटके देऊ लागतो आणि तो खाली कोसळतो. कोणी कांदा आणावयास धावते, कोणी जोडा नाकाशी धरते, कोणी मुठीत किल्ली कोंबते. दोन मिनिटांत सारे शांत होते. त्या दिवशी दुकानाचे शटर लवकर खाली येते. घरी परतल्यावर जो पहिला प्रश्न विचारला जातो, तो बहुधा डॉक्टरांविषयीचा नसतो. ‘कोणी पाहिले का?’ हा तो प्रश्न असतो.

त्या प्रश्नामागे भीती असते, आणि भीतीमागे एक समजूत. फेफरे येणारा माणूस इतरांहून मुळातच वेगळा आहे, त्याच्या मेंदूत असे काही आहे जे आपल्या मेंदूत नाही, ही ती समजूत. शस्त्रक्रियागृहात रोज घडू शकणारी, सामान्य माणसाच्या कानावर कधीही न आलेली एक लहानशी घटना या समजुतीला छेद देते. डॉक्टर तिला ‘आफ्टरडिस्चार्ज’ म्हणतात. मेंदूच्या पृष्ठभागाला तपासणीसाठी अत्यंत सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो, काही सेकंदांनी तो बंद केला जातो, आणि तरीही मेंदूचा तेवढा भाग थांबत नाही. तो स्वतःहून ठोके देत राहतो. बाहेरची वीज गेलेली असते. आतली, नको असलेली वीज चालूच राहते.

ही घटना प्रथम कशी दिसली, हा इतिहास सुखद नाही, पण तो ठाऊक असावा असा आहे. १८७० मध्ये बर्लिन येथे गुस्ताव फ्रिच आणि एडुआर्ड हिट्झिग या दोघांनी कुत्र्यांच्या उघड्या मेंदूला सौम्य प्रवाह देऊन पाहिला. मेंदूच्या ठराविक भागाला प्रवाह दिला की शरीराच्या विरुद्ध बाजूचा ठराविक अवयव हलतो, असे त्यांना आढळले. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा जणू नकाशाच आहे, हे तेव्हा सिद्ध झाले. परंतु त्याच प्रयोगांत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. प्रवाह थांबल्यानंतरही काही प्राण्यांच्या स्नायूंची हालचाल चालू राहिली आणि काहींना चक्क अपस्माराचा झटका आला. मुक्या जीवांच्या वेदनेतून मिळालेले हे ज्ञान होते, याचा विसर पडू नये.

चार वर्षांनी तीच गोष्ट माणसाच्या बाबतीत घडली. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात मेरी रॅफर्टी नावाची, घरकाम करून पोट भरणारी तीस वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. टाळूवरील असाध्य व्रणाने तिच्या कवटीचे हाड झिजून मेंदू उघडा पडला होता. रॉबर्ट बार्थोलो या डॉक्टरांनी त्या वाटेने सुया आत घालून विद्युतप्रवाह दिला. प्रथम विरुद्ध बाजूचे हात-पाय हलले. मग त्यांनी प्रवाह वाढवला. रुग्ण व्याकूळ होऊन रडू लागली, तिचा हात ताठ झाला, ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला आणि ती बेशुद्ध झाली. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. या प्रयोगाचा तिच्या उपचाराशी काहीही संबंध नव्हता. १८७४ मध्ये बार्थोलो यांनी स्वतःच हा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंनीच त्यांचा निषेध केला. आपल्या हातून झाल्याबद्दल खेद वाटतो आणि असा प्रयोग पुन्हा करणार नाही, असे त्यांना लिहावे लागले.

या प्रसंगातून वैद्यकशास्त्राने दोन धडे घेतले. पहिला नीतीचा: रुग्णाचे हित आणि त्याची जाणती संमती यांवाचून त्याच्या शरीरावर कोणताही प्रयोग होता कामा नये. दुसरा शास्त्राचा: प्रवाहाला एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या अलीकडे मेंदू उत्तर देतो. पलीकडे तो स्वतःचा ताबा गमावतो. या मर्यादेला मराठीत ‘उंबरठा’ म्हणता येईल, आणि शास्त्रातही नेमका याच अर्थाचा शब्द वापरला जातो.

पुढच्या काळात हे ज्ञान रुग्णांच्या कामी आले. त्याचे मोठे श्रेय वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे जाते. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे १९३४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मज्जासंस्थेच्या उपचारांसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. औषधांनी न थांबणाऱ्या अपस्मारात झटका जेथून सुरू होतो तो मेंदूचा लहानसा भाग काढून टाकणे, ही त्यांची पद्धत होती. अडचण उघड होती. तो भाग काढताना बोलण्याचा किंवा हात हलवण्याचा भाग कापला गेला तर झटके थांबतील, पण माणूस मुका किंवा पांगळा होईल. वरून पाहून हे भाग ओळखता येत नाहीत. प्रत्येक माणसात त्यांची जागा थोडी वेगळी असते.

पेनफिल्ड यांनी यावर जो मार्ग अवलंबला तो ऐकताना आजही अंगावर काटा येतो. रुग्णाच्या डोक्याची फक्त त्वचा बधिर करून, त्याला जागा ठेवून शस्त्रक्रिया केली जाई. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून हे शक्य होते. शल्यविशारद मेंदूच्या एकेका बिंदूला सौम्य प्रवाह देत आणि रुग्णाशी बोलत. बोट हलले, जिभेला मुंग्या आल्या, बोलणे अडखळले, की त्या बिंदूवर आकड्याची छोटी चिठ्ठी ठेवली जाई. अशा रीतीने प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र नकाशा तयार होई, आणि मगच शस्त्र चाले.

या शस्त्रक्रियांत पेनफिल्ड यांना हर्बर्ट जॅस्पर या सहकाऱ्याची मोलाची साथ लाभली. मेंदूतील विजेचा आलेख काढण्याची विद्या तेव्हा नवीन होती. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूचा पहिला आलेख १९२४ मध्ये नोंदवला होता. जॅस्पर यांनी शस्त्रक्रिया चालू असतानाच उघड्या मेंदूवरून थेट आलेख घेण्यास आरंभ केला. त्यामुळे प्रवाह बंद झाल्यानंतर उठणाऱ्या लाटा कागदावर स्पष्ट दिसू लागल्या. बाहेरून रुग्ण शांत दिसत असतानाही आत एखादा भाग धुमसत आहे, हे कळू लागले. या दोघांनी मिळून लिहिलेला अपस्मारावरील बृहद्ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मॉन्ट्रियलची ही विद्या भारतात लवकर पोहोचली. तेथे शिकलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये देशातील पहिला मज्जाशल्य विभाग सुरू केला, आणि १९५२ मध्ये तेथेच भारतातील अपस्मारावरील पहिली शस्त्रक्रिया झाली. मुंबईत ज्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला त्या डॉ. राम गिंडे यांचेही प्रशिक्षण मॉन्ट्रियलचेच होते. आज मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय, दिल्लीचे एम्स, बंगळुरूचे निम्हान्स आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा संस्था येथे अशा शस्त्रक्रिया होतात. विदर्भातील कुटुंबाला हा उपचार आता परदेशी राहिलेला नाही.

आता त्या नको असलेल्या लाटेकडे वळावे. आज ही तपासणी दोन प्रकारे होते. एक म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळीच, रुग्णाला जागे ठेवून. दुसरी अशी की, आधीच्या एका शस्त्रक्रियेत मेंदूवर किंवा मेंदूत बारीक तारा बसवल्या जातात आणि नंतर काही दिवस रुग्ण खाटेवर बसलेला असताना सावकाश तपासणी होते. त्याला चित्रे दाखवली जातात. तो ‘घर’, ‘गाय’, ‘घड्याळ’ अशी नावे सांगत असतो. तो बोलत असतानाच एखाद्या जागी तीन ते पाच सेकंद प्रवाह दिला जातो. नाव ओठांवर येऊनही उच्चारता आले नाही, तर ती जागा भाषेची समजली जाते.

हा प्रवाह किती असतो? साधारणतः एक मिलिअँपिअरपासून आरंभ करून पायरीपायरीने वाढवला जातो आणि बहुधा १५ मिलिअँपिअरच्या आत थांबतो. त्याची कंपने अनेक ठिकाणी सेकंदाला ५० असतात. आपल्या घरातील विजेचीही कंपने तितकीच असतात. साम्य मात्र तेथेच संपते. येथील प्रवाह घरच्या जोडणीतून थेट येत नाही. स्वतंत्र, सुरक्षित यंत्रातून तो मोजून-मापून दिला जातो.

एवढी काळजी घेऊनही एखाद्या जागी लाट उठते. आलेखावर टोकदार, एकामागून एक ठोके दिसू लागतात. कधी ते दोन-चार सेकंदांत विरतात, कधी त्यांना अर्धा मिनिट किंवा अधिकही लागतो. कधी ते शेजारच्या भागात पसरतात. पसरत गेले तर रुग्णाला प्रत्यक्ष झटका येऊ शकतो. हा पहिला धोका, आणि तो कोणालाही समजेल असा आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे आणि शल्यविशारदांना तो अधिक छळतो. समजा, एका जागी प्रवाह दिला आणि रुग्णाचे बोलणे थांबले. जागा भाषेची, असा निष्कर्ष निघेल. पण त्याच वेळी लाट उठून दोन सेंटिमीटर दूर पसरली असेल, तर बोलणे नक्की कोणत्या जागेमुळे थांबले? या शंकेचे उत्तर न देता नोंद केली, तर नकाशा खोटा ठरतो. खोट्या नकाशावरून काढावयाचा भाग राखला जाईल, अथवा राखावयाचा भाग काढला जाईल. व्यापारी घरातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. एका खात्यातील रक्कम चुकून दुसऱ्या खात्यात मांडली गेली, तर बेरीज जुळूनही हिशेब चुकीचाच राहतो.

म्हणून नियम असा की, लाट उठली असताना मिळालेले उत्तर पक्के धरावयाचे नाही. लाट पूर्ण विरेपर्यंत थांबावयाचे, रुग्णाला विश्रांती द्यावयाची आणि प्रवाह कमी करून पुन्हा तपासावयाचे. सर्वत्र एकच मापही चालत नाही. एकाच माणसाच्या मेंदूत एका जागेचा उंबरठा कमी असतो, तर तिच्या शेजारच्या जागेचा जास्त. एकाच जागेचा उंबरठाही एका तपासणीतून दुसऱ्या तपासणीत बदलू शकतो. लहान मुलांच्या मेंदूला उत्तर देण्यासाठी मोठ्यांपेक्षा अधिक प्रवाह लागतो.

पेनफिल्ड यांच्या एका प्रसिद्ध निरीक्षणालाही ही सावधगिरी लागू पडते. कानशिलाच्या मागील भागाला प्रवाह दिला असता काही रुग्णांना जुने गाणे ऐकू आले, आईचा आवाज ऐकू आला, बालपणीचा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला. मेंदूत सारे आयुष्य जसेच्या तसे साठवलेले आहे, अशी दंतकथा त्यावरून पसरली. पेनफिल्ड यांनी १९६३ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार, या भागाची तपासणी झालेल्या ५२० रुग्णांपैकी केवळ ४० जणांना असा अनुभव आला होता. पुढील संशोधकांनी दाखवून दिले की असे अनुभव पुष्कळदा पसरणाऱ्या लाटेबरोबर येतात. ती साठवलेल्या चित्रफितीची जशीच्या तशी पुनरावृत्ती मानता येत नाही.

लाट उठलीच तर ती थांबवण्याचे उपायही शोधले गेले. शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूच्या त्या भागावर निर्जंतुक, बर्फासारखा थंड द्राव सोडला असता झटका आटोक्यात येतो, हे मिचेल बर्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये नोंदवले. हा उपाय आज जगभर वापरला जातो. दुसऱ्या वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील रोनाल्ड लेसर आणि सहकाऱ्यांनी एक उलटा वाटणारा उपाय मांडला. प्रवाहामुळे उठलेली लाट प्रवाहाच्याच अगदी छोट्या स्पंदनाने विझवता येते, असे त्यांना आढळले. झटका ओळखून त्याच क्षणी मेंदूला स्पंदन देणारे, कवटीत बसवता येणारे यंत्र याच विचाराच्या वाटेने पुढे तयार झाले.

याच संशोधकांच्या गटाने नंतर पाहिलेली एक गोष्ट मात्र हिशेबी माणसांना विशेष वाटेल. लाट उठली असताना रुग्णाला तोंडी गणितासारखे मन एकाग्र करावे लागणारे काम दिले, तर काही वेळा ती लाट थांबते. मन कामाला लागले की शेजारच्या पेशींची बेशिस्त लय मोडत असावी. हे प्रत्येक वेळी घडत नाही आणि तो घरी करून पाहण्याचा उपचारही नव्हे. झटका आलेल्या माणसाला पाढे विचारणे व्यर्थ आहे. तरीही मनाची एकाग्रता आणि मेंदूतील वीज यांचा संबंध इतका प्रत्यक्ष आहे, ही जाणीव मोठी आहे.

या साऱ्या तपशिलातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रवाहानंतरची ही लाट केवळ रोगग्रस्त भागातच उठते असे नाही. जेथून झटके सुरू होत नाहीत अशा, निरोगी भासणाऱ्या भागातही ती उठते. त्यामुळेच केवळ ही लाट पाहून रोगाचे मूळ ठरवता येत नाही. एवढेच नव्हे, तर मानसोपचारात गंभीर नैराश्यासाठी १९३८ पासून जी विद्युत उपचारपद्धती वापरली जाते, तिच्यात अपस्मार नसलेल्या माणसाच्या मेंदूतही मुद्दाम, नियंत्रित झटका आणला जातो, आणि तो येतो. याचा अर्थ उघड आहे. उंबरठा प्रत्येक मेंदूला असतो. गल्ल्यावर बसलेल्या त्या मुलाचा उंबरठा थोडा खाली आहे, त्याच्याकडे पाहणाऱ्या ग्राहकाचा थोडा वर आहे. दोघांत फरक आहे तो उंचीचा. जातकुळी एकच आहे. भुताखेताला, पूर्वसंचिताला किंवा घराण्याच्या कलंकाला त्यात जागा नाही.

कायद्याला ही गोष्ट समजावयास बराच काळ लागला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो जैन समाजालाही लागू आहे, वारंवार अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र मानली गेली होती. अपस्मार आणि वेड यांना एकाच वाक्यात बसवले गेले होते. १९९९ मध्ये दुरुस्ती होऊन अपस्माराचा उल्लेख वगळण्यात आला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केले की अपस्मार हा असाध्य रोग नाही, मानसिक विकारही नाही, आणि केवळ त्या कारणावरून घटस्फोट मागता येणार नाही. मौद्यापासून तासाभराच्या अंतरावरील न्यायालयाने दिलेला हा निर्वाळा आहे.

कायदा बदलला तरी बैठकीतील कुजबुज सहजी बदलत नाही. स्थळ पाहताना आजार लपवला जातो. लग्नानंतर मुलगी सासरी चोरून गोळ्या घेते. एखाद्या दिवशी संधी मिळत नाही, गोळी चुकते आणि नेमका त्याच आठवड्यात झटका येतो. मग रोगाबरोबर फसवणुकीचाही आरोप येतो. लपवण्याने रोग कमी होत नाही, उपचार मात्र तुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधोपचार मिळाले तर अपस्माराचे सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. उरलेल्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा लाभ होतो. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर वर्षानुवर्षे वाट न पाहता मोठ्या केंद्रात तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय संकेत आहे.

शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या कुटुंबाने काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. झटका कोठून सुरू होतो, हे किती खात्रीने कळले आहे? तो भाग भाषा किंवा हालचालीच्या भागाजवळ आहे का? प्रवाह देऊन तपासणी होणार आहे का, आणि त्या वेळी झटका आल्यास कोणती तयारी आहे? संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून समजावून घ्यावे. मेरी रॅफर्टीला जे मिळाले नाही, ते आजच्या रुग्णाचा हक्क आहे.

दैनंदिन जीवनात उंबरठा खाली आणणाऱ्या गोष्टी ठाऊक असाव्यात. औषध चुकणे ही त्यातील सर्वांत मोठी. जागरण ही दुसरी. समाजातील अनेक घरांत सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य असते. रात्री नऊची गोळी अशा घरात हमखास चुकते किंवा गुपचूप सोडली जाते. चौविहार आणि नवकारशीच्या वेळा डॉक्टरांना आधीच सांगितल्या, तर त्यानुसार औषधांची आखणी करता येते. काही औषधे दिवसातून एकदाच घेण्याच्या स्वरूपातही मिळतात. उपवास करावयाचा असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करणे मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळावे.

झटका आलाच तर करावयाच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. रुग्णाला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, जवळच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, जोडा, किल्ली यांचा उपयोग नाही. झटका आपल्या वेळेनेच थांबतो आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते. घड्याळाकडे लक्ष ठेवावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा आला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून तातडीने रुग्णालय गाठावे.

सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतरचे आहे. शुद्धीवर येणाऱ्या माणसाला आपल्याभोवती जमलेले भयभीत चेहरे दिसू नयेत. जवळच्या एकाने हात धरून, काय झाले ते शांतपणे सांगावे. दुकानाचे शटर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी उघडावे, आणि गल्ल्यावर तोच मुलगा बसलेला असावा.